खाडी एक, खाती चार: कोकण किनाऱ्यावर विस्तार शिक्षणाचं जाळं आणि त्याचा पैसा

किनारपट्टीवरच्या विस्तारकामाचा, म्हणजे संशोधन केंद्रांतलं तंत्र मच्छीमार-शेतकऱ्यांपर्यंत नेण्याच्या कामाचा, कुठलाही अहवाल उघडा, अडचणींच्या रकान्यात 'अपुरा निधी' हे दोन शब्द हमखास सापडतात. ते खोटं नाही. पण कोकणातले प्रस्ताव आणि त्यांचे खर्चाचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून वाचले की आधी वेगळंच काहीतरी डोळ्यांत भरतं. जो पैसा येतो तो चुकीच्या महिन्यात येतो, आणि आला की वस्तूंवर खर्च करायला मोकळा असतो, माणसांवर नाही. रक्कम दुप्पट केली तरी या दोन गोष्टी तशाच राहतील. म्हणून इथे आधी नियोजनाबद्दल, मग पैशाबद्दल.

कोण कुठे बसतं

दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं. त्याचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीला शिरगावात, सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रही रत्नागिरीतच, खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला, नारळ संशोधन भाट्याला. कृषी विज्ञान केंद्रं पाहिली तर पालघरसाठी कोसबाड, रायगडसाठी रोह्याजवळ किल्ला, रत्नागिरीसाठी लांज्याजवळ देवधे, सिंधुदुर्गासाठी किर्लोस. नकाशावर ही चार ठिकाणं लावून बघा. चारही किनाऱ्यापासून आत आहेत. एका केंद्राला मंजूर पदं १६, त्यांत विषय विशेषज्ञ ६, आणि या सहांत मत्स्यविज्ञानाचा माणूस असलाच तर एक. आंबा, काजू, भात, भाजीपाला, गृहविज्ञान सांभाळून उरलेला वेळ समुद्राला.

मत्स्यव्यवसाय विभागाचे परवाना अधिकारी बंदरावर असतात, पण त्यांचा दिवस परवाने, डिझेल परतावा आणि बंदोबस्तात जातो. ज्या माणसाने सकाळी बेकायदा जाळ्याबद्दल कारवाई केली, त्यानेच दुपारी चौकोनी आसाच्या, म्हणजे लहान मासा निसटू देणाऱ्या, जाळ्याचे फायदे समजावून सांगायचे, हे कसं जमणार? विस्तार आणि अंमलबजावणी एकाच माणसाकडे ठेवली की विस्तार हरतो. त्याशिवाय वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मॅनग्रोव्ह फाउंडेशन, उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे बचतगट, आत्मा ही कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, निर्यातीच्या अंगाने एमपीडा हे सागरी उत्पादन निर्यात प्राधिकरण आणि तिची नेटफिश ही संस्था, संशोधनाच्या अंगाने केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं (सीएमएफआरआय) मुंबई केंद्र. संस्था कमी नाहीत. २०१० च्या सागरी मत्स्यगणनेत महाराष्ट्रात मच्छीमार गावं ४५६ आणि मासळी उतरवण्याची केंद्रं १५२ होती. या यादीतल्या कुठल्याही एका संस्थेला ४५६ गावं झेपणार नाहीत, आणि सगळ्यांनी मिळून ती वाटून घेतलेलीही नाहीत. एखाद्या गावात एकाच महिन्यात तीन खात्यांची तीन प्रशिक्षणं होतात, तिन्ही ठिकाणी त्याच पंचवीस बायका, आणि पलीकडच्या वाडीत तीन वर्षांत कोणी फिरकलेलं नसतं.

तालुका नको, खाडी धरा

नियोजनाचं एकक बदलल्याशिवाय हे सुटत नाही. बाणकोटची खाडी घ्या. सावित्रीचा उत्तर किनारा रायगडात, दक्षिण किनारा रत्नागिरीत. बागमांडला आणि वेश्वी समोरासमोर, मध्ये फेरीबोट. पाणी एक, खारटपणा एक, कालवं एक, चिंबोरी एक. पण जिल्हा नियोजन समित्या दोन, आत्माचे प्रकल्प संचालक दोन, कृषी विज्ञान केंद्रं दोन. दाभोळ खाडीवर दापोली, गुहागर, खेड आणि चिपळूण असे चार तालुके. जयगडच्या खाडीला एका बाजूला गुहागर, दुसऱ्या बाजूला रत्नागिरी. तालुकावार उद्दिष्ट वाटलं की प्रत्येक तालुक्याला 'दोन प्रात्यक्षिकं' मिळतात आणि खाडीला एकही नीट मिळत नाही.

खाडीनिहाय समूह करायचा तर एका समूहात साधारण दहा-बारा गावं घ्यावीत, दोन्ही काठांची. हद्द ठरवताना मोटारीच्या रस्त्याचं अंतर न बघता फेरीबोटीचं वेळापत्रक बघावं. दाभोळहून समोर धोपाव्याला जंगलजेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) काही मिनिटं लागतात. रस्त्याने चिपळूणला वळसा घालून अर्धा दिवस जातो. प्रवास भत्त्याच्या नियमात मात्र गाडीचे किलोमीटर असतात आणि फेरीबोटीच्या तिकिटासाठी टीप लिहावी लागते. ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण समोरच्या काठावर माणूस जाईल की नाही हे अशाच गोष्टी ठरवतात. समूह मंजूर करून घेतानाच 'फेरीबोट व होडीचं भाडं पावतीशिवाय, प्रवासी नोंदवहीवर' असा शब्दप्रयोग खर्चाच्या निकषात घालून घ्यावा.

समूह ठरला की पहिलं वर्ष मोजणीचं. हेच कोणाला नको असतं, कारण मोजणीचा फोटो येत नाही. दाभोळ खाडीचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. कोयनेच्या वीजप्रकल्पाचं अवजल पोफळीला वाशिष्ठीत उतरतं, त्यामुळे खाडीच्या वरच्या भागात भर उन्हाळ्यातही गोडं पाणी येत राहतं. शेजारच्या शास्त्री नदीला, म्हणजे जयगडच्या खाडीला, असा पुरवठा नाही. म्हणजे मुखापासून सारख्याच अंतरावर, एकाच एप्रिलमध्ये, दोन खाड्यांचा खारटपणा वेगळा. जयगडला जमलेली कालवांची शिफारस दाभोळला जशीच्या तशी उचलली तर बुडते. शिवाय लोट्याच्या औद्योगिक वसाहतीचं पाणी याच खाडीत येतं, आणि कालवं-शिनाणे (शिनाणे म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे हिरवे शिंपले) हे पाणी गाळून खाणारे प्राणी. जड धातू अंगात साठवतात. जागा निवडण्याआधी मांसाची तपासणी करायला हवी, आणि तपासणीचं शुल्क प्रस्तावात पहिल्याच वर्षी असायला हवं.

मोजायचं काय? दोन-तीन हजारांत मिळणारा हातातला रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. महिन्यातून दोनदा, एकदा उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) आणि एकदा भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला), भरतीच्या आणि ओहोटीच्या टोकाला, खाडीच्या तीन ठिकाणी. म्हणजे महिन्याला १२ नोंदी. पृष्ठभागाचं आणि तळाचं पाणी वेगळं घ्यावं, कारण पावसाळ्यात वर गोडं आणि खाली खारं असे थर पडतात आणि वरचंच मोजणाऱ्याची फसगत होते. तसं केलं की नोंदी २४ होतात. उपकरण दर वेळी गोड्या पाण्याने शून्यावर आणायचं. गावातला बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी हे काम उत्तम करते. त्यासाठी महिन्याला हजार-दीड हजार मानधन खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली द्यायचं, या प्रश्नावर बैठका होतात.

प्रशिक्षणाची तारीख पंचांगात बघावी

डोल जाळं म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, त्याला पाण्याची ओढ लागते. उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे, डोलकर समुद्रात असतो. अष्टमीच्या सुमाराला भांग लागली की ओढ मंदावते, जाळी वर येतात, दुरुस्ती होते. पालघर, मुंबई, रायगडच्या डोलकरांसाठी प्रशिक्षण ठेवायचं तर ते सप्तमी ते नवमीच्या दरम्यान. खाडीत कालवं, तिसऱ्या, शिनाणे काढणाऱ्या बायकांचंही असंच, कारण मोठी ओहोटी उधाणालाच येते आणि खडक तेव्हाच उघडे पडतात. पण प्रात्यक्षिक खडकावरच करायचं असेल तर मात्र उलट, अमावास्येच्या ओहोटीलाच जावं लागतं. सिंधुदुर्गातल्या रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचं, गणित पुन्हा वेगळं. तिथे मासळी किनाऱ्याला लागली की सगळा संघ दोरीला, आणि ते आदल्या दिवशी कोणी सांगू शकत नाही.

मासळी विकणाऱ्या बाईचा वेळ दुपारी अडीचनंतर. सकाळी लिलाव, मग बाजार, मग घर. सकाळी दहाला उद्घाटन आणि बाराला पाहुण्यांचं भाषण ठेवलं की सभागृहात ज्यांचा धंदा नाही अशाच बायका येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. हा काळ सगळ्यांना प्रशिक्षणासाठी सोन्यासारखा वाटतो, आणि वर्गातल्या विषयांसाठी तो आहेही: इंजिन देखभाल, जाळं विणणं, हिशेब, किसान क्रेडिट कार्डाचे अर्ज, २०२३ च्या अधिसूचनेतल्या ५४ प्रजातींची किमान आकारमानं. पण याच दोन महिन्यांत नव्या आर्थिक वर्षाचा पैसा पोचलेला नसतो, आणि खलाशी गावाला गेलेले असतात. गणपतीत आणि शिमग्यात काहीही ठेवू नये, हे कोकणात सांगावं लागू नये. तरी मुंबईत आखलेल्या वेळापत्रकांत ते दर वर्षी सापडतं.

शिनाण्यांचं एक वर्ष आणि सरकारचं एक वर्ष

पैशाची तारीख कशी चुकते हे शिनाण्यांच्या तराफ्यावरून, म्हणजे बी लावलेल्या दोऱ्या पाण्यात सोडलेल्या तरंगत्या बांबूच्या चौकटीवरून, नीट कळतं. सिंधुदुर्गात त्यांना काकई म्हणतात. पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात खडकांवर बी, म्हणजे त्यांची पिल्लं, दिसू लागतं. लागवडीला १५ ते २५ मिलिमीटरचं बी हवं. १२ ते १४ मिलिमीटर जाडीच्या नायलॉन दोरीभोवती मीटरमागे ५०० ते ७५० ग्रॅम बी पसरून त्यावर सुती मच्छरदाणीचं कापड गुंडाळून शिवायचं. दोन-तीन दिवसांत कापड कुजून गळतं, तोवर शिनाण्यांनी आपल्या तंतूंनी दोरी धरलेली असते. इथे कापड नायलॉनचं घेतलं तर ते कुजतच नाही आणि वाढ गुदमरते. जेमवर (सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर) 'मच्छरदाणी' टाकली की येते ती बहुधा नायलॉनचीच, म्हणून खरेदीच्या मागणीपत्रात 'शंभर टक्के सुती' असं वेगळं लिहावं. ५ बाय ५ मीटरच्या तराफ्यावर ५० दोऱ्या धरल्या आणि प्रत्येकीचा बी लावलेला भाग १ मीटर धरला तर एका तराफ्याला २५ ते ३७.५ किलो बी लागतं. दहा तराफ्यांना अडीचशे ते पावणेचारशे किलो. हे एका उधाणाच्या दोन-तीन ओहोट्यांत काढून, ओल्या गोणपाटात ठेवून त्याच दिवशी दोरीला लावायचं. ओहोटीला दोरीचं टोक तळाला टेकता कामा नये, नाहीतर चिखल आणि खेकडे दोन्ही लागतात. चांगल्या पाण्यात पाच-सहा महिन्यांत मीटरमागे ८-१० किलो माल मिळतो. आणि तो पहिल्या जोरदार पावसाआधी निघालाच पाहिजे, कारण खारटपणा कोसळला की एका आठवड्यात सगळं तोंड उघडून पडतं.

म्हणजे दोरी, पिंपं, बांबू ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काठावर हवेत. त्यासाठी खरेदीचा आदेश सप्टेंबरात, दरपत्रकं ऑगस्टमध्ये, प्रशासकीय मान्यता जुलैत. आता सरकारी वर्ष बघा. अर्थसंकल्प मार्चमध्ये, तरतूद बीम्सवर (राज्याच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर) टप्प्याटप्प्याने उघडते. केंद्राच्या वाट्याचा हप्ता मागच्या वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र पोचल्याशिवाय सुटत नाही, आणि ते प्रमाणपत्र एका जिल्ह्याचं राहिलं तरी राज्याचं अडतं. मध्ये निवडणूक लागली तर आचारसंहितेचे दीड-दोन महिने. पैसा हातात येतो डिसेंबर ते फेब्रुवारीत. बी निघून गेलेलं असतं, पण ३१ मार्चला निधी परत जाणार असतो. मग मार्चमध्ये तराफे बांधले जातात, एप्रिलमध्ये उद्घाटन होतं, जूनमध्ये शिनाणे बोटभर असतानाच मरतात आणि अहवालात 'नैसर्गिक आपत्ती' लिहिलं जातं. गटाच्या बायका मात्र निष्कर्ष काढतात की आपल्या खाडीत हे होत नाही. तो निष्कर्ष पुसायला पुढची पाच वर्षं लागतात. मला विचाराल तर उशिरा आलेला पैसा त्या हंगामात खर्च न करणं हेच विस्ताराचं काम आहे.

यातून वाट काढता येते, पण ती दोन आर्थिक वर्षांवर पाय ठेवूनच. फेब्रुवारीत आलेल्या पैशातून टिकाऊ वस्तू घ्यायच्या: दोरी, २०० लिटरची पिंपं, नांगर, रिफ्रॅक्टोमीटर, जॅकेट. दोरी उन्हापासून आणि उंदरांपासून दूर, संस्थेच्या गोदामात, साठा नोंदवहीत सही करून. बांबू हिवाळ्यातच घ्यावा. पावसाळ्यात कोंब फुटतात तेव्हा तोड होत नाही, आणि ऑगस्टमध्ये मिळणारा बांबू बहुधा शिळा असतो. साठवलेला बांबू जमिनीपासून उंच, सावलीत, आणि भुंगेरा लागू नये म्हणून आधी पंधरा दिवस पाण्यात बुडवून वाळवलेला. मार्च ते मे या काळात गटनिवड, जागेची परवानगी, आणि शेजारच्या खाडीतल्या चालू तराफ्याची काढणी दाखवायला सहल. ऑक्टोबरात फक्त मजुरी आणि होडीभाडं लागतं. ही रक्कम लहान असते. ती गटाच्या स्वहिश्श्यातून किंवा मच्छीमार सहकारी संस्थेच्या आगाऊ रकमेतून भागते. लेखापरीक्षकाला 'फेब्रुवारीत घेतलेली दोरी ऑक्टोबरपर्यंत पडून का' हा प्रश्न पडणारच. त्याचं उत्तर प्रस्तावातच हंगामाच्या तक्त्याने देऊन ठेवावं.

वस्तूला पैसा, माणसाला नाही

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये २०,०५० कोटींची म्हणून जाहीर झाली. वैयक्तिक लाभाच्या बाबींत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य. बाकीचा हिस्सा लाभार्थ्याने आधी उभा करायचा. शिनाण्याच्या तराफ्याला तो जमतो, बर्फ कारखान्याला जमत नाही. याच योजनेत किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावांसाठी सागर मित्र आहेत, देशभरात ३,४७७ गावांसाठी कल्पिलेले. कल्पना अगदी योग्य. गावातलाच सुशिक्षित तरुण, हवामानापासून योजनेपर्यंत माहिती पोचवणारा. पण नेमणूक कंत्राटी, आणि कामात रोजच्या मासळी उतरणीचे आकडे भरणं मोठं. जो तरुण दोन हंगाम टिकून शिकतो तो बंदरातल्या एखाद्या कंपनीत सुरक्षारक्षक म्हणून निघून जातो. तिथे पगार कदाचित थोडाच जास्त असेल, पण तारखेला मिळतो.

एका दिवसाच्या, तीस बायकांच्या प्रशिक्षणाचा अंदाज मांडून बघू. जेवण-चहा माणशी १८० रुपये, म्हणजे ५,४००. येण्याजाण्याचे माणशी १००, म्हणजे ३,०००. प्रशिक्षकाचं मानधन १,५००, त्याची गाडी ३,०००. माहितीपत्रक १,२००. हाताने करून बघायचं साहित्य ४,०००. एकूण १८,१००. आता यानंतरच्या तीन महिन्यांत त्याच गावाला तीन भेटी, गाडीचे प्रत्येकी २,५००, म्हणजे ७,५००. एकूण २५,६०० मधले २९ टक्के पाठपुराव्याचे. बहुतेक योजनांत पहिले १८,१०० कसेबसे बसतात, ७,५०० ला शीर्षच नसतं. म्हणून प्रशिक्षण होतं आणि पाठपुरावा होत नाही. आळस हे कारण फार कमी वेळा असतं.

पूर्ण खाडी-समूहाचा वर्षाचा अंदाज असाच काढला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. एक समन्वयक महिना २५,००० ने ३ लाख. काठावरचे दोन कार्यकर्ते प्रत्येकी १२,००० ने २ लाख ८८ हजार. प्रवास महिन्याला आठ दिवस, दहा महिने, २,५०० ने २ लाख. बारा प्रशिक्षणं २ लाख १७ हजार २००. प्रात्यक्षिकांचं साहित्य दीड लाख. देखभाल ४० हजार, पाणी-मांस तपासणी ३० हजार. त्यावर दहा टक्के अनपेक्षित खर्चाला. बेरीज साडेतेरा लाखांच्या आत. यात मानधन आणि प्रवास मिळून ५८ टक्के. हा आकडा बघून बहुतेक छाननी समित्या दचकतात आणि 'आस्थापना खर्च कमी करा' असा शेरा मारतात. विस्ताराच्या कामात आस्थापना हेच काम असतं. शेरा मारणाऱ्याला ते पटवण्यासाठी प्रस्तावात 'मानधन' या ओळीसमोर भेटींची संख्या लिहावी. '२ कार्यकर्ते' यापेक्षा '१२ गावं, महिन्याला प्रत्येकी ४ भेटी, ४८ भेटी' हे टिकतं.

दुसरी बाजू वस्तूंची. सौर वाळवणयंत्र घ्या. बोंबील वलांडीवर (वाळत घालायच्या आडव्या मांडणीवर), जवळा ओट्यावर किंवा थेट वाळूत, अशी जुनी पद्धत. वाळूतला जवळा कमी भावाने जातो, तेव्हा सुधारणेला वाव आहे हे नक्की. पण दिलेल्या यंत्रात एका वेळी ५० किलो मावत असेल आणि जवळ्याचा लोंढा आला की घरात ३०० किलो येत असेल, तर बाई यंत्राची वाट बघत बसत नाही. वर वैशाखातल्या वाऱ्याने पत्रा सैल होतो, पंख्याची मोटार खाऱ्या हवेने जाम होते, साधं लोखंड दोन वर्षांत खाऊन जातं. किनाऱ्यावर जे काही द्याल त्याची चौकट स्टेनलेस स्टीलची, शक्यतो ३१६ दर्जाची हवी. ते महाग पडतं म्हणून संख्या कमी करावी, दर्जा नाही. आणि किमतीच्या पाच ते दहा टक्के रक्कम दर वर्षी देखभालीला. ती योजनेत मिळणार नसेल तर गटाकडून किलोमागे वापरशुल्क पहिल्याच दिवसापासून घ्यावं. सहा महिने फुकट वापरल्यानंतर शुल्क लावलं की भांडणं होतात. अनेक ठिकाणी याहून स्वस्त उपाय चालतो: कमरेएवढ्या उंचीचे बांबूचे मांडव, त्यावर जुनं जाळं, रात्री झाकायला ताडपत्री. पण मांडवाला फीत कापता येत नाही.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली स्वामिनी बचतगटाची कांदळवन सफर टिकली, त्यातही हेच दिसतं. तिथे होडी हे भांडवल, पण रोजचा गल्ला रोज येतो आणि दुरुस्ती त्यातूनच निघते. अनुदानाच्या पुढच्या हप्त्याची वाट बघावी लागत नाही.

चार खिशांचा हिशेब

एकाच खिशातून खाडीचं काम चालणार नाही, हे मान्य करून आखणी करावी. आत्मा २०१५-१६ पासून केंद्र-राज्य ६०:४० आहे. त्यातून शेतीशाळा, सहली, प्रशिक्षणं बसतात. कृषी विज्ञान केंद्राचा पैसा पूर्ण आयसीएआरचा (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा). त्यातून आद्यरेखा प्रात्यक्षिकं आणि प्रक्षेत्र चाचण्या. वस्तू मत्स्य संपदेतून किंवा कांदळवनाच्या उपजीविका योजनेतून. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, तेव्हा आत्माच्या आराखड्यात मासळीचे गट घालायला आता संकोच नको. तालुक्याच्या आराखड्यात मागणी मात्र आपणच लिहून द्यावी लागते. आणि उरतात ते माणसं व पाठपुरावा. त्यासाठी कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) हा सर्वांत लवचीक पैसा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के, आणि कामाच्या परिसराला प्राधान्य. कोकणात बंदरं, वीजप्रकल्प, रासायनिक कारखाने भरपूर. प्रस्ताव 'चालू प्रकल्प' म्हणूनच मंजूर करून घ्यावा. मग तो सुरू झालेल्या वर्षानंतर आणखी तीन वर्षं चालू शकतो आणि मार्चअखेरची धावपळ टळते. हा निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-१ नोंदणी संस्थेची नसेल तर बोलणीच सुरू होत नाहीत. एक सावधगिरी: ज्या कारखान्याचं पाणी खाडीत येतं त्याच्याच पैशातून त्या खाडीच्या पाण्याची तपासणी करू नये. तराफे त्यांच्याकडून घ्या, तपासणी विद्यापीठाच्या खर्चातून करा. नाहीतर आकडे खरे असले तरी गाव विश्वास ठेवत नाही.

अमेरिकेत किनारी विस्ताराचं असं जाळं 'सी ग्रँट' नावाने १९६६ च्या कायद्यातून उभं राहिलं. विद्यापीठांमधून चालतं, आणि केंद्राच्या दोन डॉलरमागे स्थानिक एक डॉलर उभा करावा लागतो. तिथेही काही सरकारांनी ते बंदच करण्याचा प्रस्ताव अर्थसंकल्पात आणला आणि संसदेने तो फेटाळला. आपल्याकडे उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे स्थानिक हिश्श्याची मोजणी. तो हिस्सा नेहमी रोख नसतो. मच्छीमार सोसायटीचं सभागृह, होडीचे तास, तांडेलाने (होडीच्या म्होरक्याने) दिलेला दिवस, ग्रामपंचायतीची वीज, याची किंमत आपण कधी लिहीतच नाही. महिन्याच्या महिन्याला एका पानावर लिहून सोसायटीच्या चेअरमनची सही घेतली तर वर्षाअखेर तो आकडा चांगला भरतो, आणि पुढच्या प्रस्तावात 'लोकवर्गणी' या रकान्यात शून्य लिहावं लागत नाही.

मोठ्या बाहेरच्या प्रकल्पांचं वेगळंच दुखणं. हरित हवामान निधीच्या मदतीचा प्रकल्प २०१८ मध्ये तीन राज्यांसाठी मंजूर झाला, निधीचा वाटा ४ कोटी ३४ लाख डॉलर, त्यात महाराष्ट्रही आहे. त्याआधी सिंधुदुर्गात जागतिक पर्यावरण सुविधेच्या पैशातून काम झालं. ४० मिलिमीटरची चौकोनी आसाची जाळी, कालवं, खेकडे तिथून पसरले. असे प्रकल्प शिकलेली माणसं तयार करतात आणि मुदत संपली की ती माणसं पांगतात. प्रकल्पाच्या तिसऱ्या वर्षीच, पाचव्या नाही, त्यातले दोन कार्यकर्ते उमेदच्या किंवा सोसायटीच्या पटावर अर्ध्या मानधनाने घ्यायची बोलणी सुरू करायला हवीत. सोसायटीला ते परवडण्यासाठी बी, बर्फ, दोरी यांच्या विक्रीवर लहानसा आकार बसवता येतो.

वादळाची तरतूदही वेगळी ठेवावी. ३ जून २०२० ला निसर्ग आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. दोन्ही वेळा विस्ताराची माणसं महिनोन्महिने पंचनाम्यात गेली. त्या वर्षीची उद्दिष्टं कागदावर पूर्ण झाली ती कशी, हे विचारू नये. किनाऱ्यावर पाच वर्षांच्या आराखड्यात निदान एक हंगाम वाया जाणार असं धरूनच उद्दिष्ट लिहावं. अनपेक्षित खर्चाच्या दहा टक्क्यांतून आधी तुटलेले नांगरदोर आणि वाहून गेलेली पिंपं बदलायची, कारण तराफा एक हंगाम रिकामा राहिला की गट मोडतो.

मोजमाप कशाचं करायचं, यावर एवढंच: प्रशिक्षणार्थींची संख्या उपयोगिता प्रमाणपत्राला लागते, ती द्यावी. पण समूहाच्या स्वतःच्या वहीत दुसऱ्या हंगामाचा आकडा ठेवावा. अनुदान नसताना, स्वतःच्या पैशाने, किती गटांनी पुन्हा बी लावलं? किती बोटींनी चौकोनी आस फाटल्यावर तसाच नवा विकत घेतला? पेटीत मासळी आणि बर्फ समसमान भरणाऱ्या किती जणी उरल्या? हा आकडा सुरुवातीला लाजिरवाणा असतो, दहातले दोन-तीन. तोच निधी देणाऱ्याला दाखवावा, कारण नापसंतीची कारणं त्याच पानावर असतात: बर्फ सकाळी सातनंतर येतो, दोरी रत्नागिरीशिवाय मिळत नाही, गिऱ्हाईक गोव्याचं आणि तो आठवड्यातून एकदाच येतो. या तिन्हींवर खर्च एखाद्या सौर वाळवणयंत्रापेक्षा कमी आहे.

ही वही, खारटपणाच्या नोंदी, गटांच्या प्रमुखांची नावं, कोणत्या खडकावर कोणत्या तिथीला बी मिळालं याचा तक्ता, आणि साठा नोंदवही, असं सगळं कार्यकर्त्याच्या मोबाईलवर न ठेवता सोसायटीच्या कपाटात ठेवावं, एक प्रत शिरगावच्या महाविद्यालयात. कंत्राट मार्चअखेर संपतं. नवा माणूस आला तर तो बहुतेक सप्टेंबरात येतो, आणि बी ऑक्टोबरात.